काम सोपवायचं कसं: दुकानदार आणि छोट्या धंद्याच्या मालकांसाठी

मेहुणीच्या लग्नात पंगतीला बसलो होतो. दुकानातून फोन आला. ‘दादा, गिऱ्हाईक म्हणतंय शेजारी बारा टक्के सूट मिळते. देऊ का?’ उजवा हात वरणभातात, डाव्या हातात फोन. मठ्ठा येईपर्यंत असे पाच फोन झाले. बायको म्हणाली, ‘दुकान टेम्पोत घालून आणलं असतंत तर बरं झालं असतं.’

आमचं प्लंबिंग आणि हार्डवेअरचं दुकान आहे. काउंटरला चौघं, गोदामाला एक, आणि संध्याकाळी हिशोबाला येणाऱ्या ताई. माणसं होती, कामं वाटून दिलेली होती, तरी दर माझ्या फोनमध्ये, ऑर्डर माझ्या डोक्यात आणि कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. पोरं काउंटरला उभी राहून मला फोन लावायची, एवढंच काम मी त्यांना खरं तर दिलं होतं. ओळखीच्या बहुतेक दुकानांत हेच चालतं आणि मालक वर म्हणतो, ‘माणसं ठेवली तरी मलाच सगळं बघावं लागतं.’

पुढची उदाहरणं माझ्या दुकानातली आहेत. तुमचं केटरिंग असेल, फॅब्रिकेशन असेल, तर पाइपच्या जागी आपला माल घाला. क्रम मात्र बदलू नका. आपल्याकडे माणूस आधी ठरतो, काम मागून ठरतं आणि त्याची हद्द कधीच ठरत नाही. फसतं ते तिथे.

टप्पा १: आठ दिवस वही ठेवा

दोनशे पानी वही गल्ल्याशेजारी ठेवा. दिवसभरात कुणी तुम्हाला काही विचारलं, किंवा तुम्ही स्वतः एखादं काम केलं, की एक ओळ लिहायची: काय काम, किती वेळ गेला, कुणी विचारलं. फोनवरचे प्रश्नही लिहायचे. संध्याकाळी आठवून लिहू नका. संध्याकाळी फक्त मोठी कामं आठवतात, आणि दिवस खाणारी कामं सगळी दोन-दोन मिनिटांची असतात.

माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेली ओळ होती: ‘सूट किती द्यायची?’ दुसरी: ‘हा माल परत घ्यायचा का?’ तिसरी बघून मला लाज वाटली: ‘वरच्या कप्प्याची किल्ली कुठंय?’

आठ दिवसांत महिन्याची कामं वहीत येत नाहीत. ती कॅलेंडर समोर घेऊन वेगळी लिहा. टीडीएस भरायची ७ तारीख, महिन्याला जीएसटी विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची (विक्रीचा तपशील) ११ आणि ३बी ची (गोळाबेरीज आणि कर भरणं) २०, पीएफ-ईएसआयची १५. भाडं, पगार, कंपनीच्या स्कीमची शेवटची तारीख, वजनकाट्याची वार्षिक पडताळणी. वर्षातून एकदा येणारं काम हमखास मालकाच्या डोक्यात राहतं, कारण ते कुणाला शिकवायची वेळच येत नाही.

तपासा: वहीत चाळीसपेक्षा कमी ओळी असतील तर तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलेलं नाही. अजून चार दिवस घ्या.

टप्पा २: काय द्यायचं, काय नाही, ते आधी ठरवा

वहीतल्या प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर लिहा. ‘आ’ म्हणजे आजच देता येईल, ‘शि’ म्हणजे शिकवून देता येईल, ‘न’ म्हणजे द्यायचंच नाही.

‘न’ ची यादी छोटी ठेवा, पण पक्की ठेवा. माझी अशी आहे: चेकवरची सही, बँकेचा पासवर्ड, नव्या पार्टीला किती उधारी द्यायची, कर्ज काढणं, माणूस ठेवणं-काढणं आणि पगार ठरवणं. एवढंच. ‘चांगल्या गिऱ्हाइकाशी मीच बोलणार’ हे ‘न’ मध्ये घालायचा मोह होतो. घालू नका, त्याचं पुढे येतं.

सावधान: ‘दोन दिवस गावाला चाललोय’ म्हणून सही करून ठेवलेले कोरे चेक हे काम सोपवणं नव्हे. आकडा कुणीही भरला तरी सही तुमची असते. चेक वटला नाही तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली नोटीस तुमच्या नावानं येते, ज्यानं आकडा भरला त्याच्या नावानं नाही.

पहिल्यांदा द्यायचं काम निवडताना तीन गोष्टी बघा. ते वारंवार येणारं असावं, त्याचा निकाल त्याच दिवशी दिसावा आणि चूक झाली तर स्वस्तात सुटावी. आमच्याकडे आलेला माल उतरवून बिलाशी जुळवणं हे काम या तिन्हींत बसलं.

इथली नेहमीची चूक म्हणजे ज्याचा आपल्याला कंटाळा, ते आधी ढकलणं. उधारी वसुली कुणालाच आवडत नाही, म्हणून ती सगळ्यात नव्या पोराच्या गळ्यात पडते. त्याला बिल्डरच्या ऑफिसात कुणी ओळखत नाही, पाणीही विचारत नाही. ‘शेठला फोन करायला सांग’ एवढं ऐकून तो परत येतो. फोन शेवटी तुम्हीच करता, वर पोराचा एक दिवस गेला तो वेगळा. वसुली द्यायचीच असेल तर ज्यानं त्या पार्टीला वर्षभर माल दिलाय त्याला द्या, आणि पहिल्या दोन फेऱ्यांना बरोबर जा.

टप्पा ३: माणूस

रिकामा दिसतो म्हणून त्याला काम देऊ नका. सगळ्यात जुना आहे म्हणूनही नको. आमचे गोदामातले काका वीस वर्षांपासून आहेत, कुठला बेंड कुठल्या पोत्यात हे अंधारात सांगतील. पण त्यांना लिहायचा कंटाळा आहे, आणि माल जुळवण्याचं निम्मं काम लिहिण्याचं. मी मानापोटी त्यांनाच दिलं. चार महिने बिलांवर नुसती बरोबरची खूण होत राहिली. मोजणी काका करतात आणि लिहितो दुसरा, अशी जोडी लावल्यावर ते सुधारलं.

दुसरी गोष्ट, जो नीट करतो त्याच्याच डोक्यावर सगळं येतं. सोपवण्याआधी त्याला विचारा, आत्ता तुझ्याकडे काय काय आहे? नवं काम देताना जुनं एक काढून घ्या आणि ते कुणाकडे जाणार तेही सांगा. हे न करता दिलेलं काम तो ‘हो’ म्हणून घेतो आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या दुकानात जातो.

भाचा, मेहुणा, चुलतभाऊ दुकानात असेल तर नियम तोच ठेवा. ‘आपला तो बाब्या’ झालं की बाकीचे चौघं काम करायचे थांबतात. ते तसं बोलून दाखवत नाहीत.

टप्पा ४: काम एका पानावर आणा

या टप्प्याला वेळ द्या. बाकी सगळं घाईत केलंत तरी चालेल.

मी आधी सांगायचो, ‘माल नीट उतरवून घे.’ नीट म्हणजे काय, हे माझ्या डोक्यात होतं. एकदा सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारा प्लास्टिक) पाइपचा टेम्पो आला. पोरानं नग मोजले, बिलाइतके भरले, सही केली. पंधरा दिवसांनी एक प्लंबर पाइप घेऊन तणतणत आला. आम्ही एसडीआर (बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी) ११ मागवला होता, आला होता १३.५. रंग तोच, बाहेरचा व्यास तोच, लांबी तीच तीन मीटर. फक्त १३.५ ची भिंत पातळ असते आणि तो दाब कमी सोसतो. पाइपवर छापलेलं असतं, वाचायला पाच सेकंद लागतात. पण ‘वाच’ असं मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. मोज म्हटलं होतं, त्यानं मोजलं. चूक माझी होती आणि तोवर पंधरा नग एका बिल्डिंगच्या भिंतीत गेले होते.

त्यानंतर जे पान लिहिलं, ते गोदामाच्या दारामागे अजून चिकटवलेलं आहे. जसंच्या तसं देतो (बिल्टी म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, ई-वे बिल म्हणजे माल हलवण्याआधी ऑनलाइन काढायचा जीएसटीचा कागद, क्रेडिट नोट म्हणजे तेवढे पैसे हिशोबात वजा केल्याची सप्लायरची चिठ्ठी):

१. टेम्पो आला की आधी बिल आणि बिल्टी हातात घ्यायची. राज्याबाहेरून ५० हजारांच्या वरचा माल असेल तर ई-वे बिल बघायचं. कागद नाही तर ताडपत्री सोडायची नाही.
२. बिलावर आपल्या ऑर्डरचा नंबर लिहायचा. ऑर्डर वहीत नसेल तर उतरवायच्या आधी दादांना फोन.
३. नग मोजायचे. पाइप असेल तर प्रत्येक बंडलातला एक काढून साइज आणि एसडीआर मोठ्यानं वाचायचा. दुसऱ्यानं बिलावर खूण करायची.
४. फिटिंगच्या पेट्या बंद असतील तर दहातली एक फोडून मोजायची.
५. फुटलेला, कमी किंवा वेगळा माल असेल तर ड्रायव्हर असतानाच फोटो. बिल्टीच्या दोन्ही प्रतींवर शेरा. मग सही.
६. कमी-जास्त ५०० रुपयांच्या आत असेल तर डिस्ट्रिब्युटरला स्वतः फोन करून क्रेडिट नोट मागायची. त्याच्या वर असेल तर संध्याकाळी दादांना.
७. बिल त्याच दिवशी सहाच्या आत ताईंच्या ट्रेमध्ये. ट्रेमध्ये बिल गेलं की काम पूर्ण.

या पानात काय आहे ते बघा. सुरुवात कुठून, पूर्ण झालं म्हणजे नेमकं काय, कधीपर्यंत, किती रुपयांपर्यंत स्वतः ठरवायचं आणि कुठल्या वेळी थांबून विचारायचं. तुमच्या पानात या पाच गोष्टी असल्या की पुरे. ‘काळजीपूर्वक’, ‘व्यवस्थित’, ‘लक्ष देऊन’ हे शब्द आले की खोडा आणि त्या जागी हातानं करायची कृती लिहा.

पान तुम्ही एकट्यानं लिहू नका. जो करणार आहे त्याच्याशेजारी बसून लिहा, अक्षर त्याचं असू दे. चौथा मुद्दा मला सुचला नव्हता, तो काकांनी सांगितला. बंद पेटीत पन्नासच्या जागी सत्तेचाळीस एल्बो निघतात, हे त्यांना ठाऊक होतं. वीस वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.

तपासा: ज्याला हे काम माहीत नाही अशा घरातल्या कुणाला तरी पान वाचायला द्या. त्यांनी जिथे ‘म्हणजे?’ विचारलं, तिथे पान अपुरं आहे.

टप्पा ५: हद्द रुपयांत ठरवा आणि ती सगळ्यांना सांगा

काम दिलं आणि ठरवायचा अधिकार दिला नाही, की पंगतीत फोन येतो. आणि अधिकार दिला पण आकडा सांगितला नाही, तर पोरगा एक तर घाबरून काहीच ठरवत नाही किंवा वाटेल ते ठरवतो. ‘तुला योग्य वाटेल ते कर’ हे वाक्य ऐकायला मोठं वाटतं. महिना पंधरा-वीस हजार कमावणाऱ्या मुलाला त्यात फक्त धोका ऐकू येतो.

आकडे मालाप्रमाणे वेगळे ठेवा. पाइपला नफा थोडा असतो, फिटिंगला बरा, नळ-शॉवरला त्याहून बरा. सगळ्यांना सरसकट ‘दहा टक्क्यांपर्यंत’ म्हटलंत तर पाइपवर घाटा येईल आणि नळावर गिऱ्हाईक जाईल. आम्ही तीन रंगांची स्टिकरं लावली. लाल मालावर सूट नाही, पिवळ्यावर पाचपर्यंत, हिरव्यावर बारापर्यंत. त्याच्या पलीकडे काउंटरवरचा मुलगा म्हणतो, ‘एवढंच माझ्या हातात आहे.’ हे वाक्य गिऱ्हाईक निमूट ऐकून घेतं. ‘शेठला विचारतो’ म्हटलं की मात्र तेच गिऱ्हाईक चेकाळतं.

परत घ्यायच्या मालाचंही तसंच. न वापरलेलं, पाकिटासह, आठ दिवसांच्या आत, बिल असलेलं आणि दोन हजारांपर्यंतचं असेल तर न विचारता घ्यायचं. सोल्युशन (जोडायचा गोंद) लागलेली फिटिंग परत नाही, मग तो कुणाचा कोण का असेना.

आता दुसरा भाग, जो लोक विसरतात. हद्द फक्त त्या मुलाला सांगून भागत नाही. बाकी माणसांना, सप्लायरला, नेहमीच्या गिऱ्हाइकांना त्याच्यासमोर सांगा: ‘आजपासून दराचं हा बघतो.’ मग तुमची परीक्षा सुरू होते. जुना कॉन्ट्रॅक्टर तुम्हाला थेट फोन लावणार. ‘तुमचा पोरगा बारावर अडलाय, चौदा करा की.’

पहिल्या महिन्यात मी तीन वेळा ‘बरं, घ्या चौदा’ म्हणालो. जुनी ओळख, वाईट दिसायला नको. तिसऱ्या वेळी बघितलं, मुलानं काउंटरवर दर सांगायचंच सोडलं होतं. गिऱ्हाईक आलं की माझ्याकडे बोट. त्याचं काय चुकलं? दोन टक्क्यांसाठी मी त्याला सगळ्यांदेखत खोटं पाडलं होतं. आता असा फोन आला की मी म्हणतो, ‘त्यालाच विचारा, मला आता दर पाठ नाहीत.’ आणि खरंच, आता नाहीतही. खास पार्टीला जास्त सूट द्यायचीच असेल तर मी मागून मुलाला सांगतो, आणि पार्टीला ती त्याच्या तोंडून कळते.

कागदावरच्या हद्दीला कुलूपही लावा. हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाचा वेगळा युजर करा. बिल बनवणाऱ्याला जुनं बिल बदलायची किंवा पुसायची मुभा नको. टॅलीसारख्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं होतं, आपण कंटाळा करून एकाच पासवर्डवर पाच जण बसतो. ई-वे बिलाच्या पोर्टलवर सब-युजर करता येतो, आपला मुख्य लॉगिन वाटायची गरज नाही. बँकेत विचारा: चालू खात्याला एकानं पेमेंट भरायचं आणि दुसऱ्यानं मंजूर करायचं, अशी सोय बऱ्याच बँका देतात. ताई पेमेंट भरून ठेवतात, मी रात्री मंजुरी देतो. आणि यूपीआयचा साउंडबॉक्स (पैसे आले की मोठ्यानं सांगणारी डबी) काउंटरवर ठेवा. ‘दादा, पैसे आले का बघा’ हा दिवसातून तीसदा येणारा प्रश्न त्या डबीनं कायमचा बंद केला.

सावधान: ओटीपी फोनवर सांगणं हाही अधिकार देणंच आहे. कशाचा ओटीपी आहे ते मेसेजमध्ये पूर्ण वाचल्याशिवाय घरच्या माणसालाही सांगू नका.

टप्पा ६: हातात हात धरून द्या, मग हात सोडा

चार पायऱ्या आहेत. तुम्ही करा, तो बघेल. दोघं मिळून करा. तो करेल, तुम्ही गप्प बसून बघा. तो करेल, तुम्ही तिथे नसाल. तिसरी पायरी बहुतेक मालकांना जमत नाही. तोंड चालतं, हात पुढे जातो. माझ्यासाठी मी खिशात हात घालून उभं राहायचं ठरवलं, आणि फक्त पैशाचं नुकसान होणार असेल तरच बोलायचं.

किती वेळा? टेम्पो आठवड्यातून दोनदा येत असेल तर चार खेपा पुरतात. महिनाअखेरचं काम असेल तर निदान दोन महिनाअखेरी लागतात. एकदा दाखवून ‘समजलं ना?’ विचारलंत तर उत्तर ‘हो दादा’ हेच येणार. त्याला काही अर्थ नाही. त्याऐवजी विचारा, ‘समज, टेम्पो आलाय आणि ड्रायव्हर म्हणतोय घाई आहे, आधी सही द्या. काय करशील?’ तो काय सांगतो त्यावरून समजलं की नाही ते कळतं.

वेळही बघून घ्या. प्लंबिंगच्या धंद्यात पावसाळ्यात बांधकामं मंदावतात. आम्ही नवी कामं आषाढ-श्रावणात सोपवतो, म्हणजे दसऱ्यानंतर गर्दी सुरू होईपर्यंत हात बसलेला असतो. मिठाईवाल्याचं किंवा कपडेवाल्याचं गणित उलटं असेल. दिवाळीच्या आठवड्यात किंवा ३१ मार्चच्या तोंडावर कुणालाही नवं काम देऊ नका. तेव्हा शिकवायला तुम्हाला वेळ नसतो आणि चुकायला त्याला जागा नसते.

टप्पा ७: बघायचं कधी आणि काय

सोपवलं की एक तर दर तासाला डोकावणं, नाहीतर सहा महिने ढुंकूनही न बघणं, ही दोन टोकं. बघायची वेळ ठरवा आणि आधी सांगा. पहिले पंधरा दिवस रोज दुकान बंद करताना दहा मिनिटं. नंतर दर शनिवारी. तीन महिन्यांनी फक्त नमुना: ट्रेमधली कुठलीही तीन बिलं उचला आणि गोदामात जाऊन मालाशी जुळवा.

भेटीत तीनच प्रश्न पुरतात. काय अडलं, कुठं स्वतः ठरवलंस, पानात काय बदलायला हवं. दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्यानं ठरवलेलं तुम्हाला पटलं नाही, पण हद्दीत होतं, तर ‘ठीक आहे’ म्हणा. तुमच्या पद्धतीपेक्षा वेगळं आणि चुकीचं, यात फरक आहे.

रोख पैशाचं मात्र वेगळं. ज्यानं पैसे घेतले त्यानं एकट्यानं गल्ला मोजायचा नाही आणि हिशोबही लिहायचा नाही. एक जण नोटा मोजतो, पाचशेच्या इतक्या, शंभराच्या इतक्या, दुसरा लिहितो, दोघांची सही. महिन्यातून एकदा भरदुपारी मी स्वतः मोजतो, दिवस सांगत नाही. ‘विश्वास आहे म्हणून मोजत नाही’ असं म्हणणाऱ्या एका ओळखीच्या दुकानात गल्ल्यात फरक निघाला. कुणामुळे ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि तीन जण संशयाखाली राहिले. दोघं सोडून गेले. मोजणी झाली असती तर त्या दोघांकडे तरी पुरावा राहिला असता.

कॅमेऱ्यावर भिस्त ठेवू नका. घरी बसून मोबाइलवर दुकान बघणारा मालक काम सोपवत नाही, फक्त लांबून बसतो.

टप्पा ८: चूक झाली की

काम परत घेऊ नका. एकदा परत घेतलंत की पुढच्या वेळी ‘तुम्हीच करा ना दादा’ हे उत्तर तयार असतं.

आधी चूक कुठली ते बघा. पानात ती गोष्ट नव्हती? मग पान दुरुस्त करा, विषय संपला. पानात होती, पण हात बसला नव्हता? टप्पा सहावर एक पायरी मागे या. पानात होती, येत होती आणि टाळली? मग बोलायचं, पण आतल्या खोलीत, गिऱ्हाइकासमोर नाही. चौथी शक्यता लबाडीची. तिथे कामाचा प्रश्नच उरत नाही, माणसाचा उरतो.

नुकसान परस्पर पगारातून कापायची सवय आपल्याकडे फार आहे. त्याचं म्हणणं ऐकून न घेता अशी कपात करणं कायद्यालाही मान्य नाही. आणि व्यवहारात होतं असं, की पुढची चूक तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही, फुटलेली पेटी पोत्यांच्या मागे जाते. आमच्याकडे नियम आहे: त्याच दिवशी सांगितलेल्या चुकीचा खर्च दुकानाचा. पहिल्या वर्षी हा नियम महाग पडला, खोटं कशाला बोलू.

टप्पा ९: बाहेरच्याला दिलेलं काम

करसल्लागाराला काम दिलं की आपण सुटलो, असं वाटतं. जीएसटी विवरणपत्राला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज तुमच्या फर्मला लागतं, सल्लागाराला नाही. त्यामुळे करायचं त्यांनी, पण बघायचं तुम्ही.

आजच एक करा. जीएसटी पोर्टलवर लॉगिन करून तुमच्या नोंदणीत मोबाइल आणि ई-मेल कुणाचा आहे ते बघा. सुरुवातीला नोंदणी ज्यानं करून दिली त्याचाच नंबर बऱ्याच जणांच्या नोंदणीत आहे. नोटीस त्याला जाते, ओटीपी त्याला जातो, आणि त्यानं फोन बदलला की तुम्ही आंधळे. नंबर आपला करून घ्या.

मग दर महिन्याला तीन गोष्टी मागा. विवरणपत्र भरल्याचा पोचक्रमांक, कर भरल्याचं चलन आणि १४ तारखेला तयार होणाऱ्या २बी शी (सप्लायरनी दाखवलेल्या आपल्या खरेदीचं पोर्टलवरचं पत्रक) आपली खरेदी जुळवलेली यादी. ज्या सप्लायरचं बिल त्यात दिसत नाही त्याला ताई लगेच फोन लावतात, कारण त्या बिलावर भरलेल्या कराचं क्रेडिट (आपल्या करातून मिळणारी वजावट) अडकलं तर आपले पैसे अडकतात. हे सगळं २० तारखेला संध्याकाळी न करता १६ च्या आसपास करा. सल्लागाराकडे कागद तुम्ही १९ तारखेला दिलेत तर तक्रार करायला तोंड राहत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

टप्पा १०: गैरहजर राहून बघा

आधी अर्धा दिवस. गावातच राहा, पण फोन घरी ठेवा. मग एक पूर्ण दिवस, माल यायच्या दिवशी. मग सलग तीन दिवस, ज्यात एक शनिवार असेल. जाण्याआधी एकच नंबर द्या, आणि कुठल्या दोन-तीन गोष्टींसाठी फोन करायचा ते लिहून ठेवा: अपघात, आग, पोलीस किंवा सरकारी माणूस दारात. बाकी प्रश्न वहीत लिहायचे आणि आपल्या हद्दीत उत्तर द्यायचं.

परत आल्यावर दारातूनच ‘गल्ला किती झाला?’ विचारू नका. वही उघडा, मुलाला शेजारी बसवा आणि एकेक प्रश्न घ्या. ज्याचं उत्तर पानात नव्हतं ते पानावर चढवा, तिथल्या तिथे.

आमच्या पहिल्या तीन दिवसांच्या वहीत सतरा प्रश्न निघाले. तेरा अर्ध्या तासात पानावर गेले. उरलेल्या चारांची उत्तरं मलाही सांगता येईनात. त्यातला एक, एक इंची बॉल व्हॉल्व्ह आपण दोन कंपन्यांचे का ठेवतो, यावर काकांचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.